अमेरिकानो: तीन हिस्से पाणी, एक हिस्सा कॉफी

“एस्प्रेसोत गरम पाणी घातलं की झाली अमेरिकानो.” मला हे पहिल्यांदा ज्याने सांगितलं त्याचं काहीच चुकलं नव्हतं. साहित्य दोनच, गरम पाणी आणि एस्प्रेसो, म्हणजे मशीनच्या दाबाने बारीक पुडीतून काढलेली दाट कॉफी. कृती एका ओळीची. तरी पुढचे कित्येक महिने माझ्या कपात जे तयार व्हायचं ते कधी पाणचट, कधी कडूजहर आणि दरवेळी जीभ पोळणारं. मी बिया बदलल्या, दळण बदललं, मशीनला शिव्या घातल्या. पाण्याकडे मात्र लक्षच गेलं नाही. पाणी ते पाणी, त्यात काय बघायचं?

मग एकदा मशीनच्या नळातून नुसतं गरम पाणी कपात घेतलं, जरा निवू दिलं आणि प्यालो. धातूचा वास, आणि मागे खडू चघळल्यासारखी चव. इतके दिवस मी चांगल्या कॉफीत हे ओतत होतो!

हिशोब करून पाहा. ३६ ग्रॅम एस्प्रेसो आणि ११० ग्रॅम पाणी, म्हणजे कपातला तीन चतुर्थांश ऐवज असं पाणी आहे जे कॉफीच्या पुडीला शिवलेलंसुद्धा नाही. त्याची जी चव, तीच थेट जिभेवर येणार. म्हणून हा लेख एस्प्रेसोवर आहे तितकाच पाण्यावरही आहे. पहिल्यांदाच करून बघणाऱ्यांनी शेवटापर्यंत वाचावा. शॉट, म्हणजे एका वेळची एस्प्रेसो, काढण्याचा हात बसलेला असेल त्यांनी मधला भाग गाळला तरी चालेल.

नावांचा घोळ आधी मिटवू

अमेरिकानो म्हणजे काढून झालेल्या एस्प्रेसोत वेगळं गरम पाणी मिसळून केलेली कॉफी. यातला ‘वेगळं’ हा शब्द महत्त्वाचा. मशीन बंद न करता त्याच पुडीतून आणखी पाणी जाऊ दिलं तर जी होते ती लुंगो. कपात दोन्ही दिसायला बहिणी-बहिणी, चवीत मात्र अजिबात नाही. पुडीतून आंबट, गोडसर, सुवासिक द्रव्यं आधी सुटतात आणि कडू, तुरट द्रव्यं मागाहून. लुंगोत तुम्ही त्या मागाहूनच्यांनाही बोलावणं धाडता. अमेरिकानोत वेळेवर दार बंद करता आणि जे आत आलं तेच पाण्याने मोकळं करता.

लाँग ब्लॅक ही ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडकडची. तिच्यात कपात आधी गरम पाणी, त्यावर डबल शॉट, म्हणजे दुप्पट पुडीतून काढलेला. पाणीही कमी, शंभर-सव्वाशे मिलीच्या पुढे सहसा नाही. त्यामुळे वरची क्रेमा, म्हणजे तो सोनेरी-तपकिरी फेस, मोडत नाही. खरं सांगायचं तर घरी तुम्ही आधी पाणी घेऊन वर शॉट काढलात तर ती लाँग ब्लॅकच झाली. पण तिला अमेरिकानो म्हटलं म्हणून कुणी दंड करत नाही.

आणि इटलीतल्या बारमध्ये नुसतं ‘अमेरिकानो’ म्हणालात तर समोर कँपारी, गोड व्हर्मूथ आणि सोडा असं कॉकटेल येऊ शकतं. कॉफी हवी असेल तर ‘काफे अमेरिकानो’ म्हणावं.

नावामागची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ नंतर इटलीत उतरलेल्या अमेरिकन सैनिकांना तिथली एस्प्रेसो झेपेना, म्हणून ते तिच्यात पाणी ओतून घरच्यासारखी करून पीत, असं सांगतात. गोष्ट खरी धरली तर एक गंमत निघते. लुइजी बेझ्झेरा याच्या १९०१ च्या पेटंटपासून चालत आलेली मशीन वाफेच्या दाबावर चालायची, आणि त्या थोडक्या दाबाने जाड क्रेमा येतच नाही. अकिले गाज्जा याने १९३८ मध्ये पेटंट घेतलं आणि युद्ध संपल्यावर लिव्हरची मशीन बाजारात आणली, तेव्हा कुठे कपावर तो फेस दिसू लागला. म्हणजे ‘आधी पाणी की आधी शॉट’ म्हणत आज आपण ज्या क्रेमावरून भांडतो, ती त्या सैनिकांच्या कपात नव्हतीच.

पाणचट म्हणजे नेमकं किती?

हा भाग थोडा आकडेमोडीचा आहे, पण एकदा डोक्यात बसला की आयुष्यभर पुरतो.

१८ ग्रॅम पुडीतून ३६ ग्रॅम एस्प्रेसो काढली आणि ती नीट उतरली, तर पुडीतला साधारण २० टक्के भाग विरघळून कपात येतो. म्हणजे ३.६ ग्रॅम. ३६ ग्रॅममध्ये ३.६ ग्रॅम म्हणजे १० टक्क्यांचा अर्क झाला. त्याच्या तुलनेत कागदी फिल्टरमधून गाळलेल्या कॉफीत हे प्रमाण १.१५ ते १.४५ टक्क्यांच्या आसपास असतं.

आता पाणी घाला. एस्प्रेसोच्या दुप्पट, म्हणजे ७२ ग्रॅम घातलंत तर अर्क ३.३ टक्क्यांवर येतो. तिप्पट घातलंत तर अडीच, चौपट घातलंत तर दोन टक्के. फिल्टर कॉफीइतकी सौम्य व्हायला जवळजवळ सहापट पाणी लागतं. म्हणून १ ला ३ या प्रमाणातली अमेरिकानो कुणाला ‘कडक’ लागली तर त्याला नावं ठेवू नयेत, ती फिल्टर कॉफीहून पावणेदोन पट दाट असतेच.

याचा दुसरा अर्थ जास्त कामाचा. चौपट पाणी घालूनही कॉफी पाणचट लागता कामा नये. लागत असेल तर दोष पाण्याच्या मापाचा नाही, शॉटमध्येच काही उतरलेलं नाही. एस्प्रेसो नुसती पिताना तिच्या दाटपणामुळे बरंच काही खपून जातं. पाणी घातलं की ते चहाडी करतं.

माझं माप १८ ग्रॅम पूड, ३६ ग्रॅम एस्प्रेसो, ११० ग्रॅम पाणी. तुमचं ठरवायचं असेल तर दुप्पट पाण्यापासून सुरुवात करा, एक घोट घ्या, मग तीस-तीस ग्रॅम वाढवत जा. जिथे ‘हं, आता बरोबर’ वाटेल तो आकडा लिहून ठेवा. घातलेलं पाणी परत काढता येत नाही, त्यामुळे ही चाचणी वरून खाली करू नये.

पहिली पायरी: पाणी, आणि तेही वेगळं तापवलेलं

पिऊन चांगलं लागणारं पाणी घ्या. यापेक्षा सोपी कसोटी नाही. जड, क्षारयुक्त पाण्यात कॉफीचा आंबूसपणा मरतो आणि कप मंद लागतो. उलट आरओतून अगदी निथळून आलेल्या, क्षार जवळपास नसलेल्या पाण्यात कॉफी पोकळ, कोरडी लागते. मधलं पाणी हवं. कॉफीवाल्यांच्या जगात लिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपास विरघळलेले क्षार हे चांगलं माप धरतात. बाटलीच्या लेबलवर किंवा फिल्टरच्या मीटरवर हा आकडा बघता येतो.

मशीनच्या नळाचं गरम पाणी शक्यतो वापरू नका. बऱ्याच मशीनमध्ये ते वाफेच्या बॉयलरमधून येतं. तिथून वाफ निघून जाते आणि क्षार मागे राहतात, दिवसेंदिवस साचत जातात. माझी खडूची चव तिथलीच होती. वेगळी किटली घ्या, ताजं पाणी भरा, तापवा.

किती तापवायचं? ७५ ते ८५ अंश. “उकळतं पाणी घातलं की कॉफी जळते” असं ठामपणे सांगणारे भेटतात. ते काही खरं नाही. फिल्टर कॉफी तर ९० अंशांच्या वरच्या पाण्यानेच करतात आणि ती जळत नाही. अडचण वेगळी आहे. सत्तरेक अंशांच्या एस्प्रेसोत ११० ग्रॅम उकळतं पाणी ओतलं की मिश्रण नव्वदीपार जातं, आणि इतक्या गरम कॉफीची चव जिभेला कळतच नाही. तुम्ही फुंकत बसता, सुगंध उडून जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांपेक्षा गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतात अशा गटात टाकली आहेत, तेही लक्षात असू द्या. ८० अंशांचं पाणी घेतलं तर कप सुरुवातीला ७७-७८ वर असतो आणि थोड्याच वेळात पिण्याजोगा होतो.

थर्मामीटर नसला तर सोपी युक्ती: चार भाग उकळतं पाणी आणि एक भाग खोलीच्या तापमानाचं पाणी. मिळून सुमारे ८५ अंश होतं. मोजून घ्या, अंदाजाने नको.

दुसरी पायरी: कप

१८० ते २४० मिलीचा, जाड बुडाचा. आधी गरम पाण्याने खंगाळून घ्या. थंड कप तापमान लगेच खाली ओढतो आणि मग आपण पाणी जास्त गरम घ्यायला लागतो, तिथून चक्र सुरू होतं. कपाबद्दल एवढंच.

तिसरी पायरी: बिया आणि दळण

भाजल्यापासून आठवडा ते तीन आठवडे झालेल्या बिया घ्या. अगदी कालच भाजलेल्या बियांत कार्बन डायऑक्साइड फार असतो, शॉट फसफसून बाहेर येतो. पाकिटावर भाजणीची तारीख नसेल तर ते पाकीट ठेवून द्या जागेवर.

अमेरिकानोसाठी मला मध्यम भाजणी आवडते. खूप गडद भाजलेल्या बियांचा जळका कडवटपणा पाण्याने पातळ होतो, पण जात नाही. उलट मोठ्या कपात तो जास्त वेळ सोबत करतो. फिकट भाजणीच्या बियांची अमेरिकानो जमली तर फार सुरेख होते, चहाच्या जवळ जाणारी, फळांचा वास असलेली. पण त्या बिया उतरवणं नवशिक्याच्या हातचं काम नव्हे. सहा महिने थांबा.

दळण ताजंच हवं, आणि चकत्या असलेल्या म्हणजे बर ग्राइंडरमधून. पात्याच्या मिक्सरमधून अर्धी पूड पीठ होते आणि अर्धी भरड राहते. पीठ कडू उतरतं, भरड आंबट, आणि दोन्ही एकाच कपात येतं. एस्प्रेसोचं दळण चिमटीत धरलं तर बारीक रवा आणि पीठ यांच्या मधलं लागतं. चिमटीत थोडं चिकटून राहतं, पण पिठासारखं बोटांच्या रेषांत भरून बसत नाही.

चौथी पायरी: शॉट

मशीन चालू करून पंधरा-वीस मिनिटं तापू द्या, पोर्टाफिल्टर, म्हणजे पूड भरायचा दांडीवाला भाग, लावूनच. दिवा लागला म्हणजे आतला धातू तापला असं नसतं.

काट्यावर १८ ग्रॅम पूड बास्केटमध्ये, म्हणजे पोर्टाफिल्टरमधल्या जाळीच्या वाटीत, घ्या. गुठळ्या असतील तर एखाद्या बारीक तारेने किंवा सुईने हलकेच ढवळून मोडा. आता टॅम्परने, म्हणजे पूड दाबायच्या ठोकळ्याने, दाबा. किती जोर लावायचा यावर लोक तावातावाने बोलतात; माझ्या अनुभवात जोरापेक्षा सपाटी महत्त्वाची. पूड पूर्ण बसली, आणखी खाली जात नाही, की थांबा. पण पृष्ठभाग एका बाजूला कललेला राहिला तर पाणी उताराच्या बाजूने वाट काढतं, ती बाजू जास्त उतरते, दुसरी कोरडीच राहते.

पोर्टाफिल्टर लावण्याआधी ग्रुपमधून, म्हणजे तो जिथे बसतो त्या मशीनच्या तोंडातून, दोन-तीन सेकंद नुसतं पाणी सोडा. मग लगेच लावा, खाली काट्यावर कप ठेवा, काटा शून्य करा, आणि बटण व घड्याळ एकदमच दाबा.

आता नजर हलवू नका. पहिली पाच-सात सेकंदं काहीच होत नाही, पूड पाणी पीत असते. मग टोकाशी एक गडद, काळसर थेंब जमतो, लोंबतो, पडतो. दुसरा थेंब पडेपर्यंत त्यांची धार झालेली असते, उंदराच्या शेपटीसारखी बारीक आणि किंचित हलणारी. रंग आधी काळपट तपकिरी, मग मधासारखा, आणि शेवटी फिकट पिवळट व्हायला लागतो. धार फिकी, पातळ आणि वळवळती झाली की समजा आता चांगलं काही उरलेलं नाही. काट्यावर ३३-३४ ग्रॅम दिसले की बटण बंद करा, उरलेले दोन ग्रॅम आपसूक येतात.

वेळ २५ ते ३० सेकंद. पंधरा सेकंदांत ३६ ग्रॅम आले तर दळण जाड आहे, बारीक करा. पंचेचाळीस लागले तर उलट. एका वेळी एकच गोष्ट बदला. दळणही बदललं, पुडीचं वजनही बदललं आणि पाण्याचं तापमानही, तर कप सुधारला तरी कशाने सुधारला ते कळणार नाही. मशीनवरचे आकडे, नऊ बार दाब आणि ९० ते ९६ अंशांमधलं तापमान, कारखान्यातून जसे आले तसेच सुरुवातीला राहू द्या.

माप मिलीत का नको, ग्रॅममध्ये का, असा प्रश्न येतोच. क्रेमा म्हणजे फेस. ताज्या बियांचा शॉट चष्म्याशिवायही चांगला पन्नास मिली दिसतो आणि खाली बसल्यावर पस्तीस निघतो. काट्याला फेस फसवू शकत नाही.

पाचवी पायरी: मिसळणं

कोण आधी, हा वाद आता आला. दोन्ही करून बघा, कारण फरक खरा आहे, फक्त लोक सांगतात तेवढा मोठा नाही. एस्प्रेसोवर पाणी ओतलं तर क्रेमा मोडून सगळीकडे मिसळते, कप पहिल्या घोटापासून एकसारखा लागतो, वर पातळसा फेस उरतो. पाण्यावर एस्प्रेसो ओतली तर क्रेमा वर अखंड राहते, दिसायला देखणी, आणि पहिला घोट त्यामुळे जास्त कडवट.

हो, कडवट. क्रेमा म्हणजे दाबाखाली कॉफीत विरघळलेला आणि बाहेर येताना सुटलेला कार्बन डायऑक्साइड, त्याच्यासोबत आलेली तेलं, आणि फिल्टरमधून निसटलेली सूक्ष्म पूड. दिसते मलईसारखी, म्हणून वाटतं चवीलाही तशीच असेल. चमच्यावर थोडी क्रेमा घेऊन नुसती चाटा. तोंड वाकडं झाल्याशिवाय राहणार नाही. एस्प्रेसोत ती दाटपणा देते, शोभते. अमेरिकानोत मी ती चमच्याने काढून टाकतो. पाहुण्यांसमोर काढली की त्यांना वाटतं दुधावरची साय फेकतोय. पण एकाच शॉटचे दोन भाग करा, दोन्हीत सारखं पाणी घाला, एकाची क्रेमा काढा, दुसऱ्याची राहू द्या, आणि मागेपुढे प्या. काढलेला कप स्वच्छ लागतो, गोडसरपणा पुढे येतो. हा प्रयोग पाच मिनिटांचा आहे, आणि नंतर ज्याला जे हवं ते त्याने करावं.

माझी स्वतःची पद्धत: शॉट छोट्या कपात वेगळा काढतो, मोठ्या कपात मोजलेलं ११० ग्रॅम पाणी घेतो, त्यात शॉट ओततो, क्रेमा काढतो आणि ढवळतो. ढवळणं टाळू नका. एस्प्रेसो पाण्याहून जड असते, ती तळाशी बसते. न ढवळता प्यालात तर सुरुवात फिकी आणि शेवट कडू.

पिताना

दोन-तीन मिनिटं थांबा. पहिला घोट छोटा. ६० अंशांच्या वर कडूपणाशिवाय फारसं हाताला लागत नाही, खाली आलं की आंबूस, गोड, सुक्या मेव्यासारख्या चवी एकेक करून वर येतात. चांगल्या अमेरिकानोचा शेवटचा तिसरा भाग, कोमट झालेला, मला सगळ्यात आवडतो. वाईट अमेरिकानोची परीक्षाही तिथेच होते. निवल्यावर जी पिववत नाही, तिच्यात काहीतरी दडलेलं होतं आणि गरमपणाने झाकलं होतं.

साखर घालायची असेल तर घाला, पण निम्मी प्यायल्यावर. दूधही चालतं, थोडं आणि गरम. मात्र तेव्हा पाणी कमी घ्या, नाहीतर दोन्हीकडून पातळ होते.

पाण्याने कॉफीचा कप मोठा होतो, कॅफीन मात्र तेवढंच राहतं. आपल्या १८ ग्रॅमसारख्या डबल शॉटमध्ये साधारण सव्वाशे मिलिग्रॅम धरतात, बियांच्या जातीप्रमाणे कमीजास्त. रोबस्टात अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असतं. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० आणि गरोदर स्त्रियांसाठी २०० मिलिग्रॅमपर्यंत चिंतेचं कारण नाही असं म्हटलं आहे. “पातळ आहे, चालेल अजून एक” म्हणत संध्याकाळी तिसरा कप घेणाऱ्यांनी हा हिशोब करावा. मी रात्री दोन वाजता छताकडे बघत केला होता.

पाणी कुठं मुरतंय?

कप बिघडला की चवीवरून मागे जात शोधायचं.

पाणचट आणि वर आंबट असेल, जिभेच्या कडांना झोंबत असेल, तर शॉट लवकर पळाला. दळण बारीक करा. नवशिक्यांचे दहातले आठ कप इथेच अडकतात, आणि ते पाणी कमी करून दुरुस्ती करू बघतात. पाणी कमी केलं तर तोच आंबटपणा दाट होऊन येतो.

कडू आणि तोंड कोरडं करणारी असेल, कच्चं केळं चावल्यासारखी, तर जास्त उतरली. दळण जरा जाड करा, किंवा ३६ ऐवजी ३२ ग्रॅमवर थांबून बघा. गडद भाजणी असेल तर पाण्याचं तापमान, मशीनवर बदलता येत असेल तर, दोन-तीन अंश खाली घ्या.

एकाच घोटात आंबटही आणि कडूही? पाण्याने पुडीत बोगदा काढलाय. शॉट काढताना मध्येच पिचकारी उडाली असेल तर नक्कीच. दळणाला हात लावू नका, गुठळ्या मोडणं आणि सपाट दाबणं याकडे बघा.

चवच नाही, नुसती काळी गरम? बिया शिळ्या, नाहीतर पाणी अगदी क्षारविरहित. दुसऱ्या पाण्याने एक कप करून बघितलं की लगेच कळतं.

आणि कुबट, तेलकट वास येत असेल तर मशीन धुतलेलं नाही. त्याकडे शेवटी येतो.

मशीन नसेल तर

खरी एस्प्रेसो नऊ बारच्या आसपासच्या दाबाशिवाय होत नाही, पण चांगला काळा कप त्यावाचून अडत नाही. मोका पॉट घ्या, म्हणजे शेगडीवर ठेवायचं कॉफीचं भांडं, जे आल्फोन्सो बियालेत्ती याने १९३३ मध्ये बाजारात आणलं. दाब एक ते दोन बार. तीन कपी भांड्यात खाली उकळतं पाणी झडपेच्या खालपर्यंत भरा, गाळणीत एस्प्रेसोपेक्षा किंचित जाड दळण भरा, सपाट करा पण दाबू नका, मंद आचेवर ठेवा. धार फिकट होऊन फुरफुर आवाज यायला लागला की उतरवा आणि बूड गार पाण्याखाली धरा.

इथे एक मोठी चूक होते. मोकाची कॉफी एस्प्रेसोइतकी दाट नसते, तीन टक्क्यांच्या आसपासच असते. तिच्यात तिप्पट पाणी घातलं तर ज्याला पाणचट म्हणतात तेच हाती येईल. निम्मं घाला, फार तर बरोबरीने. अॅलन अॅडलर याने २००५ मध्ये आणलेल्या एरोप्रेसलाही, म्हणजे हाताने दट्ट्या दाबून कॉफी काढायच्या नळकांड्यालाही, हाच नियम: थोड्या पाण्यात दाट काढा, मग चाखत चाखत वाढवा.

बर्फातली

ग्लासात शंभरेक ग्रॅम बर्फ, ७० ग्रॅम गार पाणी, वरून गरम शॉट. ३६ ग्रॅम गरम एस्प्रेसो एकटीच तीसेक ग्रॅम बर्फ वितळवते, म्हणून पाणी गरम अमेरिकानोपेक्षा कमी. थंडाव्यात कडूपणा दबतो आणि आंबटपणा टोकदार होतो, त्यामुळे इथे जरा गडद भाजणी उलट बरी.

आवरणं

शॉट झाला की चोथ्याची चकती लगेच ठोकून काढा. पोर्टाफिल्टर पुसा, ग्रुपमधून पुन्हा दोन-तीन सेकंद पाणी सोडा आणि वरची जाळी ब्रशने घासा. आठवड्यातून एकदा बास्केट आणि जाळी काढून कॉफी मशीनच्या पावडरच्या कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवा. पाणी चहासारखं तपकिरी होईल. ती जुनी तेलं, जी आतापर्यंत तुमच्या कपात येत होती. बाहेर काढून नीट खळखळून धुवा, मशीनमध्ये बसवा आणि पहिला शॉट ओतून द्या. पावडरीचा वास राहिला असेल तर त्याच्याबरोबर जाईल. दुसरा प्या.